सोमवारचा गल्ला, सीटीआर आणि बँकेची सूट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीत एडिसनजवळ तुमचं भारतीय किराणामालाचं दुकान आहे. दुकानातच लॉटरीचं मशीन आहे आणि एका कोपऱ्यात भारतात पैसे पाठवायचा काउंटर आहे. शिवाय लग्नाच्या जेवणाच्या केटरिंगच्या ऑर्डरीही तुम्ही घेता. पेट्रोल पंप वेगळ्या एलएलसीच्या, म्हणजे वेगळ्या कंपनीच्या, नावावर आहे. दर सोमवारी तुमचा भाचा शनिवार-रविवारचा गल्ला बँकेत भरतो, रक्कम १०,००० डॉलरच्या वर जाते आणि खिडकीमागची बाई त्याचं लायसन्स मागून सीटीआर या सरकारी अहवालाचा फॉर्म भरत बसते. रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला मात्र बँकेने ‘एक्झम्प्ट’ केलंय, म्हणजे या अहवालातून सूट दिलीय, असं तो सांगत फिरतो. मग ही सूट हा आपलाही हक्क आहे का? बँकेला ती द्यायला कसं लावायचं? आणि ती मिळेपर्यंत भाच्याला ९,०००-९,००० करून भरायला सांगितलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं सावकाश वाचलं तरी चालेल, हे नाही. असं करू नका. ‘एकदाच करून बघू’ म्हणूनसुद्धा नाही. पैसा तुमचा, घामाचा, कर भरलेला असला तरी अहवाल टाळण्यासाठी रोकड तुकड्यांत भरणं हा अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला स्ट्रक्चरिंग म्हणतात आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. अहवाल काहीच बिघडवत नाही, तो टाळण्याची धडपड मात्र बिघडवते. यावर पुढे परत येईनच.

मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या बँकेत बीएसए विभागात, म्हणजे बँक सिक्रसी अ‍ॅक्टखालचे हे अहवाल सांभाळणाऱ्या विभागात, १९ वर्षं आहे. त्याआधी सातारा जिल्ह्यात एका सहकारी बँकेत रोखपाल होते, त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंचा वैताग मला ठाऊक आहे. सूट द्यायची की नाही याचे कागद आमच्या बँकेत माझ्याच टेबलावरून जातात. मी तुमची वकील नाही आणि तुमची बँक माझी बँक नाही. नियम सगळीकडे एकच असला तरी तो वापरायचा की नाही, किती कडकपणे वापरायचा, हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. तेवढं धरून पुढचं वाचा.

आधी सीटीआरबद्दलचा गैरसमज काढू. सीटीआर म्हणजे एका कामकाजाच्या दिवशी १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड भरली किंवा काढली की बँकेने अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाला १५ दिवसांच्या आत पाठवायचा अहवाल. बरोबर १०,००० असतील तर नाही, त्याच्या वर एक डॉलर गेला की हो. बँक सिक्रसी अ‍ॅक्ट १९७० चा, १०,००० ची मर्यादा १९७२ ची, आणि ती आजतागायत तशीच आहे. तेव्हा तेवढ्या पैशात दोन नव्या कोऱ्या गाड्या यायच्या. आज तुमच्यासारख्या दुकानाचा तो शनिवार-रविवारचा गल्ला असतो. म्हणून तर देशभरात वर्षाला दोन कोटींच्या वर सीटीआर जातात. त्या ढिगात तुमचं नाव असण्याला काही अर्थ नाही. तो संशयाचा अहवाल नाही. भारतातल्या बँकाही पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली १० लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल दर महिन्याला एफआययू या सरकारी विभागाकडे पाठवतात. फरक इतकाच की तिथे ते गुपचूप मागच्या खोलीत होतं आणि इथे तुमच्या भाच्याला पाच मिनिटं खिडकीपुढे उभं राहावं लागतं. खरा त्रास त्या पाच मिनिटांचा आहे.

आणि तो सोमवारीच का, तेही सांगते. शनिवार-रविवारी नाइट ड्रॉपमध्ये, म्हणजे बँक बंद असताना पैसे टाकायच्या पेटीत, टाकलेली थैलीसुद्धा पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या खात्यात धरली जाते. म्हणजे शनिवार ते सोमवार असा तीन दिवसांचा गल्ला एकाच दिवशी मोजला जातो. त्यात भाचा जर किराणा दुकानाचे ७,००० आणि पंपाचे ६,००० एकाच फेरीत भरत असेल, तर कंपन्या कागदावर वेगळ्या असल्या तरी भरणारा माणूस एकच आहे. १३,००० झाले, अहवाल गेला. हे बऱ्याच दुकानदारांना माहीत नसतं आणि मग ‘माझ्या कुठल्याच खात्यात दहा हजार गेले नव्हते’ म्हणून ते शाखेत येऊन भांडतात.

आता सुटीचं बघू. म्हणजे एक्झम्प्शनचं, रविवारच्या सुटीचं नाही!

१९९४ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, लक्षात आलं की सीटीआरच्या ढिगाऱ्यात कामाचं काही सापडत नाही. मनी लाँडरिंग सप्रेशन अ‍ॅक्ट करून त्यांनी ढीग कमी करायला सांगितलं, आणि त्यातून सुटीच्या दोन पायऱ्या आल्या. पहिल्या पायरीवर, तिला आम्ही फेज वन म्हणतो, दुसऱ्या बँका, सरकारी खाती, शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्या आणि त्यांची किमान ५१ टक्के मालकी असलेल्या उपकंपन्या. तुमचा पंप एखाद्या जगप्रसिद्ध तेल कंपनीची पाटी लावून असला तरी तुम्ही या पायरीवर नाही. पाटी त्यांची, मालकी तुमची. फ्रँचायझी घेणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी समजावून सांगावं लागतं.

तुमची पायरी दुसरी, फेज टू. तिथे शेअर बाजारात नसलेले साधे धंदे येतात, आणि मजुरांचे पगार रोखीने देण्यासाठी नियमित मोठी रक्कम काढणारे धंदेही येतात. अटी तशा सोप्या आहेत. धंदा अमेरिकेत नोंदलेला हवा. त्या बँकेत खातं उघडून निदान दोन महिने झालेले हवेत. त्याआधीही देता येते, पण मग बँकेने तुमची जोखीम तपासून तसं लिहून ठेवावं लागतं, आणि तेवढी उठाठेव फारसं कुणी करत नाही. तिसरी अट म्हणजे १०,००० च्या वरचे रोख व्यवहार ‘वारंवार’ हवेत. वारंवार म्हणजे वर्षात पाच किंवा जास्त. पूर्वी हेच आठ होतं आणि दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबावं लागायचं. डिसेंबर २००८ मध्ये फिनसेनने नियम सैल केले आणि जानेवारी २००९ पासून ते लागू झाले. तुमचा दर सोमवारचा भरणा बघता पाचचा आकडा तुम्ही सव्वा महिन्यात ओलांडता. यात अडचण नाही.

सूट माणसाला मिळत नाही, दुकानालाही सरसकट मिळत नाही. ती त्या कंपनीला, त्या बँकेपुरती, धंद्याच्या खात्यांतून होणाऱ्या व्यवहारांना मिळते. तुमच्या खासगी बचत खात्यात धंद्याची रोकड भरलीत तर ती त्यात बसत नाही. पंपाची एलएलसी वेगळी, तिचा ईआयएन, म्हणजे कर खात्याने दिलेला नंबर, वेगळा, म्हणून तिचा विचारही वेगळा. तिचे पाच व्यवहार वेगळे मोजायचे आणि तिचा सुटीचा फॉर्मही वेगळा. आणि उद्या रागावून तुम्ही रस्त्यापलीकडच्या बँकेत गेलात तर जुन्या बँकेची सूट बरोबर नेता येत नाही, तिथे पहिल्यापासून सुरुवात.

आता मुख्य गाठ. काही धंद्यांना फेज टूची सूट देताच येत नाही. गाड्या, बोटी, विमानं, शेतीची यंत्रं, मोबाइल होम यांची खरेदी-विक्री करणारे, वकील, अकाउंटंट, डॉक्टर, लिलाव करणारे, जहाजं, बस किंवा विमानं चालवणारे किंवा भाड्याने देणारे, सोनं-वस्तू गहाण ठेवून घेणारे, गुंतवणुकीचे सल्लागार, घरांचे दलाल, घराच्या व्यवहाराचं क्लोजिंग, म्हणजे शेवटची कागदपत्रं, करणारे, कामगार संघटना, आणि कुठल्याही प्रकारचा जुगार, फक्त शर्यतीच्या मैदानावरचं परवानाधारक बेटिंग वगळून. शिवाय स्वतः वित्तसंस्था म्हणून किंवा तिचे एजंट म्हणून काम करणारे. गांजाच्या धंद्याला राज्याने परवाना दिला असला तरी सूट नाही, हे फिनसेनने २०१४ मध्येच सांगितलंय.

ही यादी वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, कारण लॉटरी हा जुगारच आणि पैसे पाठवायचा काउंटर म्हणजे वित्तसंस्थेचं एजंटपण. पण थांबा. मिश्र धंद्यांसाठी नियमात एक फट ठेवलेली आहे, आणि बरेच शाखा व्यवस्थापकसुद्धा ती विसरतात. अपात्र कामांतून येणारं उत्पन्न एकूण वार्षिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून जास्त नसेल, तर धंदा पात्र राहतो. आणि उत्पन्न म्हणजे काय, याचा खुलासा फिनसेनने २००९ च्या मार्गदर्शनात केला: तुम्ही त्या कामातून प्रत्यक्ष कमावता ते, त्या कामातून फिरणारा सगळा पैसा नव्हे.

यानं चित्र किती पालटतं ते बघा. समजा तुम्ही वर्षाला ४ लाख डॉलरची लॉटरी तिकिटं विकता आणि पाच टक्के कमिशन मिळतं. तुमची कमाई २०,०००. समजा काउंटरवरून वर्षात १२ लाख डॉलर भारतात जातात आणि तुमच्या हाती १०,००० उरतात. किराणा मालाची विक्री ९ लाख धरू. फिरलेल्या पैशाकडे बघितलं तर १६ लाख अपात्र आणि ९ लाख पात्र, म्हणजे खेळ खलास. कमाईकडे बघितलं तर ३०,००० अपात्र, एकूण ९ लाख ३० हजारांपैकी. तीन टक्क्यांच्या थोडं वर. दुकान आरामात पात्र.

आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, तुमचे वेगळे असतील. पण गणिताची रीत हीच. बँकेला टक्केवारी दशांशापर्यंत सिद्ध करायची नसते, धंद्याची ओळख आणि कागद बघून वाजवी निष्कर्ष काढायचा असतो. तो काढायला मदत कुणी करायची? तुम्ही. त्याकडे येतेच.

त्याआधी काउंटरबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथे चांगले चांगले हिशेबी लोक घसरतात. सूट मिळालेला ग्राहक दुसऱ्याच्या वतीने जी रोकड हाताळतो, जिचा खरा मालक दुसरा आहे, त्या रोकडीला सूट लागू होत नाही. नियमातच तसं लिहिलंय. लोकांनी भारतात पाठवायला दिलेले पैसे तुमचे नाहीत. ते किराणा विक्रीच्या गल्ल्यात मिसळून एकाच थैलीतून भरले, तर माझ्यासारखीला कुठले पैसे कुणाचे हे कसं कळणार? मग मी सोपा मार्ग घेते आणि सूटच देत नाही. म्हणून काउंटरचं खातं वेगळं, थैली वेगळी, भरणा स्लिप वेगळी. आणि तुम्ही लोकांचे चेक वटवून देत असाल तर एका माणसाचे एका दिवसात १,००० डॉलरच्या वर वटवले की तुम्ही स्वतःच मनी सर्व्हिस बिझनेस ठरता, फिनसेनकडे वेगळी नोंदणी लागते. ‘ओळखीच्या दोन-चार ड्रायव्हरांचे पगाराचे चेक वटवतो फक्त’ हे वाक्य मी वर्षातून दोनदा तरी ऐकते. दोन-चार असोत की चाळीस, मर्यादा माणशी दिवसाला आहे.

पंपाची बाजू तुलनेने स्वच्छ आहे. पेट्रोल विकणं, तेल बदलणं, टायर दुरुस्त करणं यात अपात्र काही नाही. न्यू जर्सीत अजूनही ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायची सोय नाही, पोऱ्याच भरतो, त्यामुळे रोकड जास्त येते हे आम्हाला माहीत असतं. फक्त मागच्या जागेत दोन-तीन जुन्या गाड्या विकायला उभ्या करत असाल तर ते सांगा, तो गाडीविक्रीचा धंदा झाला आणि त्याचाही वाटा मोजावा लागेल.

इथवरचं एका दमात: कायद्याने तुमची दोन्ही दुकानं पात्र ठरायला हरकत दिसत नाही, लॉटरी आणि काउंटर असूनही. पण पात्र असणं आणि सूट मिळणं या दोन गोष्टी आहेत.

फेज टूची सूट हा ग्राहकाचा हक्क नाहीच. ती बँकेची मुभा आहे. कागदोपत्री कुठेही ‘बँकेने द्यावी’ असं नाही, ‘देऊ शकते’ असं आहे. तुम्ही बँकेवर दावा लावू शकत नाही, तक्रार करून फायदा नाही. आणि बँका देत का नाहीत, हे तिकडच्या खुर्चीत बसून बघा. सीटीआर आता बहुतेक संगणकच भरतो. कटकट होते ती खिडकीवर, पण मागच्या खोलीत खर्च जवळजवळ शून्य. सूट द्यायची तर मला तुमचे उत्पन्नाचे कागद मागवायचे, तपासायचे, निर्णय का घेतला ते लिहून ठेवायचं, पहिल्या सूट दिलेल्या व्यवहारापासून ३० दिवसांत फिनसेनकडे नोंद करायची, आणि मग दरवर्षी तुमची फाइल पुन्हा उघडून तुम्ही अजून पात्र आहात का ते बघायचं. शिवाय तुमच्या खात्यावर संशयास्पद व्यवहारांसाठी नजर ठेवणारी यंत्रणा चालू आहे हे दाखवता यायला हवं. एवढं करून वर्षभरात काही चुकलं, तर सरकारी तपासनीस येऊन माझ्याच फाइलवर बोट ठेवणार. अहवाल भरला म्हणून आजवर कुठल्याही तपासनीसाने मला ओरडलेलं नाही. काँग्रेससाठी काम करणाऱ्या जीएओने २००८ मध्ये पाहणी केली तेव्हा बँकांनी हीच कारणं सांगितली होती. त्यानंतर नियम सैल झाले, भीती मात्र तितकी सैल झाली नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं.

माझाच एक अनुभव सांगते. एका रेस्टॉरंटला मी सूट दिली होती. धंदा नेटका, मालक प्रामाणिक. मालकाने ते मेहुण्याला विकलं आणि मेहुण्याने नवी कंपनी काढली. शाखेतल्यांना ओळखीचा चेहरा दिसत राहिला, मालक बदललाय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. वार्षिक तपासणीत आठ महिन्यांनी मला कळलं. नवी कंपनी म्हणजे नवा ग्राहक, त्याला सूट नव्हतीच. मग आम्ही आठ महिन्यांचे सगळे व्यवहार उकरून उशिराचे सीटीआर भरत बसलो. त्या वर्षी आमच्या बँकेने फेज टूच्या निम्म्या फाइली बंद केल्या. त्यातल्या कित्येक दुकानदारांचा काहीच दोष नव्हता. रस्त्यापलीकडच्याला मिळाली आणि मला नाही, याचं कारण कदाचित इतकंच असेल की त्याने तीन वर्षांपूर्वी विचारलं आणि तुम्ही आज विचारताय.

तरी मागायची असेल तर कशी मागावी?

खिडकीवर मागू नका. तिथल्या मुलीच्या हातात ते नसतं, आणि सीटीआर भरता भरता ‘हे बंद कसं करायचं’ असं विचारणारा ग्राहक तिच्या प्रशिक्षणात धोक्याची खूण म्हणून शिकवलेला असतो. शाखा व्यवस्थापकाला भेटीची वेळ मागा आणि बीएसए ऑफिसरशी बोलायचंय असं सांगा. ‘फेज टू एक्झम्प्शनसाठी विचार व्हावा’ एवढे शब्द पुरेत. जाताना दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न घेऊन जा, आणि अकाउंटंटकडून नफा-तोट्याचं असं पत्रक करून घ्या की त्यात मालविक्री, लॉटरीचं कमिशन, पैसे पाठवण्याचं कमिशन आणि एटीएम असेल तर त्याचं भाडं किंवा फी वेगवेगळ्या ओळींत दिसेल. माझ्या मते सगळ्यात कामाचा कागद हाच. मी वर ५० टक्क्यांचं जे गणित मांडलं ते त्याने एका नजरेत होतं आणि माझे दोन तास वाचतात. काउंटरच्या कंपनीशी केलेला एजंटचा करारही जोडा. दुकानात स्वतःचं एटीएम असून त्यात गल्ल्यातल्या नोटा भरत असाल तर तेही स्वतःहून सांगा. आम्हाला ते नंतर सापडलं तर उगाच शंका येते.

आणि महिन्याला साधारण किती रोकड येते, कुठल्या महिन्यांत वाढते, हे एका पानावर लिहून द्या. गणपती आणि दिवाळीत तुमचा गल्ला दुप्पट होतो हे मला कळतं, आमच्या यंत्रणेला कळत नाही. ती एरवी ४०,००० येणाऱ्या खात्यात सप्टेंबरमध्ये ९०,००० आले की लाल दिवा लावते. सूट मिळाली तरी तो दिवा चालूच राहतो, कारण सूट फक्त सीटीआरमधून आहे. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, एसएआर, सगळ्यांना लागू आहे, आणि तो गेला की नाही हे बँक तुम्हाला कधीच सांगणार नाही, सांगायला कायद्याने बंदी आहे. आधीच दिलेलं ते एक पान असलं की माझ्यासारखी कुणी दिवा बघते, पान बघते आणि पुढे जाते.

बँक नाही म्हणाली तर? मग त्या पाच मिनिटांवर इलाज करा. आमच्याकडे नेहमी भरणा करणाऱ्या माणसाची ओळखपत्राची माहिती एकदाच नोंदवून ठेवता येते, मग दर वेळी सगळं नव्याने विचारावं लागत नाही. तुमच्या बँकेत अशी सोय आहे का विचारा. आणि भरणा करणारा माणूस शक्यतो एकच ठेवा. एका आठवड्यात भाचा, दुसऱ्यात शेजारी, तिसऱ्यात कामवाला असं झालं की दर वेळी फॉर्म कोरा.

आता सुरुवातीला राहिलेला धागा. तुम्ही ९,००० चा विचार केलात त्यात वाईट हेतू नव्हता हे मला मान्य. पण कायदा काय बघतो? १९९४ मध्ये रॅट्झलाफ खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की रक्कम तोडणं हा गुन्हा आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. काँग्रेसने त्याच वर्षी कायदा बदलून ती पळवाट बुजवली. आता ‘मला गुन्हा आहे हे ठाऊक नव्हतं’ हा बचाव चालत नाही, अहवाल टाळायचा हेतू होता एवढं पुरतं. छोट्या दुकानदारांची खाती याच कारणावरून जप्त झाली तेव्हा बराच गदारोळ झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, धोरण बदललं आणि २०१९ च्या टॅक्सपेअर फर्स्ट अ‍ॅक्टने कायद्यातच घातलं की पैसा बेकायदेशीर मार्गाचा किंवा दुसरा एखादा गुन्हा लपवण्यासाठी तोडलेला असल्याशिवाय आयआरएसने अशी जप्ती करू नये. जप्तीचा धोका कमी झाला हे खरं, गुन्हा मात्र गुन्हाच राहिला.

मग रोज संध्याकाळी गल्ला भरणं हेही स्ट्रक्चरिंग का? नाही, कारण हेतू वेगळा आहे. दुकानात रात्री रोकड ठेवायची भीती वाटते, विम्यात तिजोरीतली ५,००० पर्यंतचीच रोकड धरलेली आहे, म्हणून रोज भरता, तर तो शहाणपणा आहे आणि रोजची रक्कम १०,००० च्या खाली आली तर ती आली. पण इतकी वर्षं सोमवारी भरत होता आणि सीटीआरचा अर्थ कळल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ९,२००, ९,४००, ९,१०० असे भरणे सुरू झाले, तर ते बघणाऱ्याला काय दिसेल ते तुम्हीच सांगा. विक्रीचे आकडे असे कधी येत नाहीत. खऱ्या गल्ल्यात मंगळवारी ३,१८० असतात आणि शनिवारी ८,७४५. रोज भरायचं ठरवलंत तर जे असेल ते सगळं भरा, आणि एखाद्या दिवशी १२,००० झाले तर १२,०००च भरा. भाच्यालाही सांगून ठेवा, की खिडकीवर फॉर्म निघाला म्हणून ‘मग तीन हजार परत द्या’ असं म्हणायचं नाही. रक्कम कमी केल्याने काही मिटत नाही. उलट बँकेला आता एका अहवालाऐवजी दुसराच अहवाल भरायचा विचार करावा लागतो, आणि त्या दुसऱ्यात तुमचं नाव संशयित म्हणून असतं.

जाता जाता तुम्ही लिहिलेल्या त्या केटरिंगबद्दल. लग्नाच्या जेवणाचे १२,००० डॉलर कुणी रोख दिले तर ‘आपण एक्झम्प्ट असू तर प्रश्न नाही’ असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं नाही. बँकेचा सीटीआर बँकेचा. एकाच व्यवहारात, किंवा जोडलेल्या हप्त्यांत मिळून, १०,००० च्या वर रोकड धंद्यात घेतली की फॉर्म ८३०० तुम्ही भरायचा असतो, १५ दिवसांत, बँकेने तुम्हाला सूट दिलेली असो वा नसो. आगाऊ ४,००० आणि लग्नानंतर ८,००० असे दोनदा दिले तरी ते एकच धरायचं. वर्षाला दहा किंवा जास्त माहितीपत्रकं संगणकावरून भरणाऱ्या धंद्यांना १ जानेवारी २०२४ पासून हाही फॉर्म तसाच भरावा लागतो, तुमच्या अकाउंटंटला विचारा. आणि पुढच्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंत पैसे देणाऱ्याला लेखी कळवावं लागतं की तुमच्याबद्दल असा फॉर्म भरलाय. हे ऑर्डर घेतानाच मुलीच्या वडिलांना सांगून टाका. नाहीतर जानेवारीत पत्र जाईल आणि ‘आमचं नाव सरकारला कळवलंत?’ म्हणून फोन येईल, आणि त्याच घरातल्या धाकटीच्या लग्नाचं जेवण दुसरा कुणीतरी करेल.